परतीच्या दिवसाचं देणं

सहलीच्या कंपन्या जो छापील कार्यक्रम हातात देतात, त्यात शेवटच्या दिवसाची नोंद सगळ्यात आखूड असते. आधीच्या दहा-अकरा दिवसांना प्रत्येकी अर्धं पान मिळतं. कुठला बर्फाचा डोंगर, कुठला राजवाडा, कुठल्या नदीत नाव, सगळं रंगीत चित्रांसह. शेवटच्या दिवसापुढे मात्र एकच ओळ असते: न्याहारीनंतर विमानतळाकडे प्रयाण. जणू त्या दिवशी करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आज या सदरात मला त्या एका ओळीबद्दलच लिहायचं आहे. कारण माझ्या मते कुटुंबासोबत केलेल्या सहलीचा सगळ्यात जोखमीचा आणि सगळ्यात कामाचा दिवस तोच असतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या घरांत परदेश म्हटलं की पूर्वी दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येत. एक हज-उमरा, दुसरी आखातातली नोकरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत फार तर गिरडची टेकडी, चिखलदरा, नाहीतर पचमढी. आता मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या पुढे गेला की हिंगणघाट, आर्वी, पुलगावची काही कुटुंबं पासपोर्ट काढून युरोपच्या बसमध्ये बसलेली दिसतात. कुणाचे निवृत्तीचे पैसे आलेले असतात, कुणाचा मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला लागलेला असतो. युरोप आधी की उमरा आधी, यावरून दस्तरखानावर वादही होतात. तो वाद महत्त्वाचा आहे, पण तो आजचा विषय नाही. पृथ्वीवर फिरून अल्लाहची निर्मिती पाहा, असं कुरआनात सांगितलेलं आहे, तेव्हा हलाल कमाईतून केलेल्या सहलीला नाव ठेवण्याचं कारण नाही. प्रश्न एवढाच की ती सहल आपण पूर्ण कशी करतो.

बसच्या सहलीची एक गंमत असते. चाळीस अनोळखी माणसं बारा दिवस एका छताखाली राहतात. कोण घोरतं, कुणाला गाडी लागते, कोण प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं उशिरा येतं, हे तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणजे ती एक गल्लीच असते, फक्त चाकांवर चालणारी. आणि गल्लीत शेजाऱ्याचे हक्क असतात.

सूरह अन-निसाच्या 36 व्या आयतीत ज्यांच्याशी चांगलं वागायचं त्यांची यादी आहे. आईवडील, नातेवाईक, यतीम, गरीब, नात्यातला शेजारी, परका शेजारी आणि त्यापुढे पहलूला बसणारा साथी. या साथीदारात कोण कोण येतं हे सांगताना भाष्यकारांनी सोबत शिकणारा, सोबत काम करणारा यांच्याबरोबर प्रवासातला सोबतीही धरला आहे. घटकाभर शेजारी बसला तरी त्याचा हक्क लागू होतो. बसच्या शेजारच्या सीटवरचा माणूस इतक्या स्पष्टपणे आपल्या धर्मग्रंथात आहे, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

आता शेवटच्या दिवशी नेमकं काय होतं ते बघू. शरीर थकलेलं असतं. पैसे संपत आलेले असतात, पण राहिलेल्या खरेदीची यादी संपलेली नसते. बॅगेचं वजन जास्त भरतं. प्रत्येकाला वाटतं, आता पुन्हा कधी येणं होणार, तेव्हा हेही बघून घेऊ, तेही घेऊन टाकू. आणि उद्यापासून ही माणसं आपल्याला भेटणार नाहीत, हे मनात कुठेतरी असल्यामुळे जिभेवरचा लगाम सैल होतो. बारा दिवस गोड बोलणारी माणसं तेराव्या दिवशी कडू बोलून जातात ती अशी.

आमचं कुटुंब पॅरिसहून रोमपर्यंतच्या अशाच एका सहलीला गेलं होतं. एकच बस, एकच ड्रायव्हर. ड्रायव्हर हंगेरीचा, पन्नाशीचा, अबोल. प्रवासी बहुतेक पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचे. मुसलमानांची तीन घरं होती, त्यात एक आर्वीकडचे चाचा आणि चाची. चाचा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सहल मुलाने घडवली होती.

रोममधली शेवटची संध्याकाळ. कोलोसियम आणि व्हॅटिकन पाहून, जेवण उरकून सगळे बसमध्ये बसले. तेवढ्यात मागून मागणी आली की दिव्यांनी उजळलेलं रोम रात्री बघायचं आहे, बस पुन्हा शहरात घ्या. टूर मॅनेजर पंचविशीचा मुलगा. तो सांगत होता की ड्रायव्हरची वेळ भरली आहे, साडेआठच्या आत गाडी हॉटेलवर उभी राहिली तरच सकाळी साडेसातला विमानतळाकडे निघता येईल. मागून आवाज वाढले. लाखांनी पैसे भरले आहेत, तासाभराने काय आकाश कोसळणार आहे, अशी वाक्यं सुरू झाली.

मग चाचा उठले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी एसटीत बत्तीस वर्षं स्टेअरिंग धरलं. मुक्कामी गाडी घेऊन रात्री दहाला खेड्यात पोचायचं, गाडीतच बाकावर पडायचं आणि पहाटे साडेपाचला पहिली फेरी काढायची. झोप पुरी नसली की समोरचा एक रस्ता दोन दिसतो. याच्या गाडीत जे यंत्र बसवलं आहे, ते माझ्या गाडीत असतं तर मी रोज त्याला सलाम केला असता. त्याला झोपू द्या. सकाळी आपले लेकरंबाळं त्याच्याच हातात आहेत."

बस हॉटेलवर गेली. ज्यांना रात्रीचं रोम बघायचंच होतं ते टॅक्सी करून गेले आणि आनंदात परत आले. कुणाचं काही बिघडलं नाही.

चाचांनी ज्या यंत्राचा उल्लेख केला ते टॅकोग्राफ. युरोपातल्या प्रवासी बसमध्ये ते बसवलेलं असतं आणि ड्रायव्हर आपलं स्वतःचं कार्ड त्यात घालून गाडी सुरू करतो. किती वेळ गाडी चालली, किती वेगाने चालली, किती वेळ उभी होती, सगळं त्यात नोंदलं जातं आणि रस्त्यावर अधिकारी ते तपासू शकतात. नियम युरोपीय संघाचा आहे, 2006 सालचा. दिवसाला 9 तास गाडी चालवता येते, आठवड्यात फक्त दोनदा ती मर्यादा 10 तासांपर्यंत वाढते. साडेचार तास चालवल्यावर एकूण 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. रोज सलग 11 तास आराम हवा, तो ठरावीक वेळाच 9 तासांवर आणता येतो. आणि सहलीच्या बससाठी एक खास सवलत आहे, की आठवड्याची सुट्टी पुढे ढकलून ड्रायव्हर काही अटींवर सलग 12 दिवस काम करू शकतो. बहुतेक बस-सहली बारा दिवसांच्या आतबाहेर का असतात, याचं एक कारण इथे आहे. म्हणजे शेवटच्या दिवशी आपल्यापुढे जो माणूस स्टेअरिंगवर असतो, तो अकरा-बारा दिवस सुट्टी न घेता राबलेला असतो. आपण डुलक्या काढत असताना तो जागा असतो.

आपल्याकडे असं काहीच नाही असं समजू नका. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने भारतातही दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. फरक एवढाच की तिथे यंत्र मोजतं, इथे मोजणारं फारसं कुणी नसतं. म्हणून आपल्या रस्त्यांवर ते मोजमाप प्रवाशाच्या जाणिवेवर येऊन पडतं.

मजुराची मजुरी घाम वाळायच्या आत चुकती करावी, ही पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपल्या मुलांना मकतबपासून माहीत असते. पण मजुरी फक्त पैशांत नसते. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राबवून न घेणं, हाही मजुराचा हक्कच आहे. पैशांचं म्हणाल तर टिपची रक्कम पॅकेजमध्ये धरलेली आहे की वेगळी द्यायची, हे टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं. वेगळी द्यायची असेल तर ती रक्कम त्याच दिवशी पाकिटात घालून बाजूला ठेवावी. शेवटच्या दिवसापर्यंत हातात राहील या भरवशावर राहू नये. चॉकलेटचं दुकान वाटेत लागतं आणि पाकीट हलकं होतं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर उतरताना चाचा सगळ्यात शेवटी उतरले. सीटखाली पडलेले चिवड्याचे कागद, पाण्याच्या बाटल्या त्यांनी एका पिशवीत गोळा केल्या होत्या. म्हणाले, गाडी डेपोत देताना झाडून द्यायची असते. हंगेरीच्या त्या अबोल माणसाला यातलं एक अक्षर कळलं नसेल, पण त्याने चाचांचा हात दोन्ही हातांत घेतला. एका ड्रायव्हरला दुसरा ड्रायव्हर ओळखू येत असावा.

ड्रायव्हरनंतरचं देणं सोबत्यांचं. आपल्याकडे हजला निघताना घरोघर जाऊन 'कहा-सुना माफ' म्हणायची रीत आहे. भावकीतले जुने अबोले त्या एका वाक्याने संपलेले मी पाहिले आहेत. हे वाक्य निघतानाइतकंच परततानाही म्हणायला हवं. बसमध्ये पुढच्या सीटवरून दोन घरांत कुरबुर झालेली असते. कुणाच्या म्हाताऱ्या आईमुळे सगळ्यांना थांबावं लागलेलं असतं आणि कुणीतरी मागून तिरकं बोललेलं असतं. पैगंबर (सल्ल.) प्रवासात काफिल्याच्या मागे राहत, जे अशक्त असतील त्यांना पुढे आणत, स्वतःच्या मागे बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करत, असं हदीसमध्ये आलं आहे. मागे राहणाऱ्याची वाट बघणं ही सुन्नत आहे, हे त्या तिरकं बोलणाऱ्याला आणि आपल्यालाही माहीत असावं. विमानतळावर सामानाचा पट्टा फिरू लागला की कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. म्हणून हे बोलणं शेवटच्या न्याहारीलाच उरकावं. एक एक टेबल फिरून, हात मिळवून, "काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर मनात ठेवू नका," एवढंच म्हणायचं. मराठीत म्हणा, समोरच्याला बरोबर कळतं.

आमच्या शेजारच्या सीटवर नाशिकच्या एक काकू होत्या. महामार्गावरच्या थांब्यांवर आम्ही बसच्या आडोशाला, हिरवळीवर नमाज पढायचो तेव्हा त्या न सांगता आमच्या पिशव्यांपाशी उभ्या राहत. मुलांना भूक लागली की त्यांच्या डब्यातल्या दशम्या आमच्याकडे येत आणि आमच्या खजुरांचा डबा त्यांच्याकडे जाई. कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही, कुणी कुणावर उपकार केले नाहीत. बाहेर वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर आपल्याबद्दल आणि त्यांच्याबद्दल काय काय लिहून येतं ते आपण रोज वाचतो. एका सीटवर बारा दिवस शेजारी बसलं की त्यातलं पुष्कळसं गळून पडतं. अशा माणसाचे आभार मानल्याशिवाय उतरणं म्हणजे त्या आयतीतल्या शेजाऱ्याचा हक्क ठेवून उतरणं. फोन नंबर घ्यावा, आणि ईदला फक्त 'फॉरवर्ड' न करता खरोखर फोन करावा.

तिसरं देणं खरेदीचं. रोमच्या रस्त्यांवर छत्र्या, खेळणी, गुलाब विकणाऱ्यांत पुष्कळ जण बांगलादेशी आहेत. आपली दाढी किंवा दुपट्टा दिसला की सलाम करतात. शेवटच्या दिवशी उरलेली नाणी संपवायच्या नादात अशा माणसाशी अर्ध्या युरोसाठी घासाघीस करणं बरं दिसत नाही. तो आपल्यासारखाच कुणाच्या तरी घरचा कमावता आहे. मात्र नामांकित कंपन्यांच्या नकली पर्स फुटपाथवर विकत असतात, त्यांच्यापासून लांबच राहा. इटलीच्या कायद्याने नकली माल घेणाऱ्यालाही दंड होतो आणि तो सात हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. फसवणुकीचा माल घेऊन तोहफा म्हणून वाटणं हे दीनच्या दृष्टीनेही बरोबर नाही.

ट्रेवीच्या कारंज्यात नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो, अशी तिथे समजूत आहे. मुलं हट्ट धरतात. आपण त्यांना सांगावं की परत येणं-न येणं अल्लाहच्या हातात आहे, नाण्याच्या हातात नाही. पण हेही सांगावं की ती नाणी गोळा होऊन कॅरितास नावाच्या संस्थेकडे जातात आणि तिथल्या गरिबांवर खर्च होतात. मुलांच्या हातातलं नाणं तिथेच दिसलेल्या एखाद्या गरजूला द्यायला लावलं, तर समजूतही टळते आणि सदकाही होतो.

विमानतळावर कुणी अनोळखी माणूस, अगदी आपल्या बोलीत बोलणारा असला तरी, एखादं पुडकं तेवढं घेऊन जा म्हणाला तर स्पष्ट नकार द्या. अमानत तेव्हाच घ्यावी जेव्हा आत काय आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलं असेल आणि देणाऱ्याला आपण ओळखत असू. भिडेपोटी घेतलेलं पुडकं सगळ्या कुटुंबाला तुरुंगात नेऊ शकतं.

चौथं देणं नमाजचं. शेवटच्या दिवशी सगळ्यात आधी हीच सुटते. मे महिन्याच्या अखेरीस रोममध्ये मगरिब साडेआठच्या सुमारास होते आणि इशा दहाच्या नंतर. आपल्याकडे पावणेसातच्या मगरिबची सवय असलेलं शरीर तोवर आडवं झालेलं असतं. किब्लाही बदलतो. वर्ध्यात आपण डोळे मिटून पश्चिमेला उभे राहतो, रोममध्ये आग्नेयेकडे तोंड करावं लागतं. आमच्या धाकट्याला याचं फार नवल वाटलं होतं. मक्का एकच आहे आणि जगभरचे लोक चहूबाजूंनी तिच्याकडे वळतात, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा अशा वेळी मुलांना लवकर समजतं.

हनफी मसलकानुसार सुमारे 77 किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला निघालेला आणि एका जागी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम करणारा माणूस मुसाफिर ठरतो. त्याने जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन पढायच्या. फजर आणि मगरिब जशाच्या तशा. कोकणातले आपले शाफई वाचक जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्रही करू शकतात. शेवटच्या दिवशी घोळ होतो तो इथे, की विमान भारतात उतरलं म्हणजे प्रवास संपला असं लोक धरतात. तसं नाही. मुंबईला उतरा की नागपूरला, आपल्या गावाची हद्द लागेपर्यंत आपण मुसाफिरच असतो. वर्ध्याची वस्ती सुरू झाली की पूर्ण नमाज. आणि प्रवासात एखादी चार रकातींची नमाज सुटली, तर हनफी मसलकात घरी आल्यावर तिची कजा दोनच रकाती करायची असते. इतर मसलकांत यात फरक आहे, तेव्हा निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांकडून हे समजून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता त्या दिवसाचा सगळ्यात धोक्याचा भाग. युरोपातला ड्रायव्हर यंत्राने बांधलेला असतो. पण आपला शेवटचा दिवस रोमला संपत नाही, तो आपल्या फाटकाशी संपतो. मुंबईला विमान अवेळी उतरतं. इटलीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि शरीर अजून त्याच घड्याळावर चालत असतं. विमानात कुणाची नीट झोप झालेली नसते. अशा अवस्थेत 'एकदाचं घरी पोचू' म्हणून आपण काय करतो? भावाला किंवा जावयाला गाडी घेऊन बोलावतो. तो बिचारा दिवसभर दुकान किंवा ऑफिस करून रात्रीचा निघतो. नाहीतर समृद्धी महामार्गावरून रात्रभर गाडी हाणायला एखादा ड्रायव्हर ठरवतो, आणि तो आदल्या रात्री झोपला होता का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

1 जुलै 2023 ची पहाट वर्धेकर विसरलेले नाहीत. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटली, पेटली आणि 25 माणसं गेली. त्यांत आपल्या वर्ध्याची तरुण पोरं होती. त्यांच्या घरांत त्या रात्री शेवटचा फोन 'पोचल्यावर कळवतो' असाच झाला असेल. मृत्यूची वेळ अल्लाहने लिहिलेली आहे, यावर आपला ईमान आहे. पण उंट मोकळा सोडून तवक्कुलच्या गोष्टी करू नयेत, आधी तो बांधावा, हेही आपल्यालाच शिकवलं गेलं आहे. 701 किलोमीटरच्या त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर मध्यरात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत माणसाचे डोळे आपोआप मिटतात. चांगला ड्रायव्हर त्याला अपवाद नसतो.

म्हणून तिकिटं काढतानाच ठरवा. विमान रात्री उतरणार असेल तर मुंबईत किंवा नागपुरात नातेवाइकांकडे, नाहीतर साध्या लॉजवर रात्र काढा. मुंबईहून संध्याकाळी निघणारी विदर्भ एक्स्प्रेस सकाळी वर्ध्याला आणून सोडते. बर्थवर पाय पसरून येता येतं आणि कुणाला स्टेअरिंग धरावं लागत नाही. गाडीनेच यायचं असेल तर दिवसा या आणि ड्रायव्हरला दोन-अडीच तासांनी चहाला उतरवा. एका रात्रीचं लॉजचं भाडं आपण सहलीत चॉकलेटवर उडवलेल्या पैशांपेक्षा कमीच असतं.

लांबच्या प्रवासाहून रात्री अचानक घरी येऊन धडकू नये, असं पैगंबर (सल्ल.) यांनी सांगितलं आहे. ते स्वतः सकाळी किंवा सायंकाळी परतत. घरच्यांना तयारीला वेळ मिळावा, हा त्यामागचा विचार. आता फोनमुळे घरी आधीच कळलेलं असतं, त्यामुळे रात्री पोचण्यात आलिमांना हरकत दिसत नाही. पण त्या सुन्नतमध्ये आपल्यासारख्या थकलेल्या मुसाफिराची आणि त्याला घ्यायला येणाऱ्याची केवढी सोय आहे, ते बघा. घरात म्हातारी माणसं जागत बसत नाहीत, स्टेशनवर पोरं पेंगत उभी राहत नाहीत, आणि रस्ता उजेडात कापला जातो.

परतीची दुआ बहुतेकांना येत नाही. निघताना जी सफरची दुआ पढतो तीच पढून तिच्या शेवटी काही शब्द वाढवायचे असतात. आम्ही परतत आहोत, तौबा करत आहोत, आपल्या पालनकर्त्याची इबादत आणि स्तुती करत आहोत, असा त्यांचा आशय आहे. मुलांकडून ती सहलीच्या बारा दिवसांत पाठ करून घेता येते. गावात शिरल्यावर पैगंबर (सल्ल.) आधी मशिदीत जाऊन दोन रकात पढत, मग लोकांना भेटत. घरच्या पुरुषांना गल्लीतल्या मशिदीत हे सहज करता येईल, बायकांना घरी.

त्यानंतर बॅगा उघडा. पण पहिलं चॉकलेट घरच्या मुलांच्या हातात जाण्याआधी बारा दिवस आपल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारणीचा वाटा बाजूला काढा. धुणंभांडं करणाऱ्या बाईंचा वाटा त्याच मापाने काढा, उरलंसुरलं म्हणून नको. आपण नव्हतो त्या दिवसांचा त्यांचा पगारही कापू नका. सहलीला आपण गेलो होतो, सुट्टी त्यांनी मागितली नव्हती. आणि ज्याने स्टेशनवरून आणलं त्या भावाला, जावयाला आधी जेवायला वाढा आणि झोपू द्या. फोटो संध्याकाळी दाखवता येतील.

पुढच्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी कुणी अशा सहलीला निघालं, तर कंपनीच्या त्या छापील कागदावर शेवटच्या दिवसापुढे जी मोकळी जागा असते, तिथे पेन्सिलीने ही देणी लिहून ठेवा: ड्रायव्हर, सोबती, खरेदी, नमाज, परतीचा रस्ता, शेजारीण आणि कामवाली. एक एक झालं की खूण करा. मुलांकडेच हे काम द्या, ती विसरू देत नाहीत.

सफर सुखाची होवो. दुआत याद ठेवा.